अगस्त्याच्या खाली

१

जेवण उरकलं, ताट-वाटी विसळून पालथी घातली, की महेंद्र गच्चीवर जायचा. बाहेरच्या लोखंडी जिन्यानं वर चढायचं, पाण्याच्या काळ्या टाकीला पाठ टेकवून उभं राहायचं आणि मान वर करायची. थंडी पडायला लागल्यापासून हे त्याचं रोजचं झालं होतं. डोक्यावर चांदण्यांचा नुसता सडा पडलेला असायचा आणि त्यातली एकही ओळखीची नसायची.

तशा रात्री त्यानं कमी पाहिल्या नव्हत्या. सगळी नोकरी मालगाडीचा गार्ड म्हणून गेली. दौंडच्या यार्डातून गाडी सुटली की शेवटच्या डब्यात तो एकटा. पुढचं बघायचं ते इंजिनवाल्यानं. गार्डानं मागं राहिलेलं बघायचं. फाटकं, सिग्नल, लहान लहान स्टेशनं, सगळी त्यानं लांब जातानाच पाहिली. आभाळाकडं बघायचं त्याला कधी सुचलं नाही.

आभाळ होतं ते सुरेखाचं. सुरेखा त्याची बायको. इनामगावच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत ती शिकवायची. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पोरांना पटांगणात बोलवायची आणि नक्षत्रं दाखवायची. तिची एक पद्धत होती. पोराच्या मागं उभी राहायची, आपला हात त्याच्या खांद्यावरून पुढं काढायची, अगदी गालाला लागेल असा, आणि म्हणायची, "माझ्या बोटाकडं बघू नको. बोटाच्या टोकावरून पुढं बघ." मग पोराला तारा सापडायचाच. तारा सापडला की पोराची वाकडी मान सरळ व्हायची. त्यावरूनच तिला कळायचं.

घरही तिच्या शाळेच्या सोयीनं बांधलेलं, गावाबाहेर, उसाच्या रानाला लागून. "रिटायर झालो की मला शिकव," महेंद्र म्हणायचा.

"आधी दिवसा झोपायचं सोडा तुम्ही," ती हसायची.

तो रिटायर झाला तो उन्हाळ्याच्या अखेरीला. पावसाळ्यात सुरेखाला ताप आला आणि त्या तापातच ती गेली. तोवर आभाळ झाकलेलंच होतं. शिकवणी सुरूच झाली नाही.

२

घराच्या दक्षिणेला अंगण, अंगणापुढं कुंपण आणि कुंपणापलीकडं आनंदरावांचा ऊस. आनंदराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस, साखर कारखान्याच्या राजकारणात मुरलेलं. पण बोलायला मोकळं. संध्याकाळी मोटर चालू करायला आले की कुंपणाशी थांबायचे.

"गार्डसाहेब, काय बघताय रोज वर? इमान येनार हाय व्हय कुनाचं?"

"न्हाई हो. चांदण्या शिकतोय."

"ह्या वयात?" आनंदराव हसले. "आमाला बाबा त्ये सात चांदण्यांचं खाटलं तेवढं वळखू येतं. बाकी समदा गोंधळ. बाई असत्या तर..." एवढं बोलून ते उसाकडं वळले. त्यांचा धाकटा सुरेखाच्या हाताखाली शिकलेला. मग म्हणाले, "ऊसतोडीची टोळी आली म्हंजी ह्यो ऊस जाईल. मग बघा, पार लांबपत्तुर मोकळं दिसंल तुमास्नी."

शिकायला महेंद्रजवळ मोबाइल होता. नीलमनं, त्याच्या मुलीनं, त्यात आभाळाचं ॲप टाकून दिलं होतं. नीलम शिक्रापूरला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला, तिथंच खोली घेऊन राहायची. मोबाइल आभाळाकडं धरला की पडद्यावर आकृत्या उमटायच्या, रेघांनी जोडलेल्या, खाली नावं लिहिलेली. पण पडद्यावरची नजर वर नेली की डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि सगळ्या रेघा पुसून जायच्या. पुन्हा तोच सडा.

३

एका संध्याकाळी लाइट गेली. वस्तीवरचे दिवे एकदम मालवले, मोटरींचा आवाज बंद पडला. लांब कुठंतरी एक कुत्रं भुंकून थांबलं. महेंद्रनं कंटाळून मोबाइल खिशात टाकला आणि तसाच टाकीला टेकून उभा राहिला.

तेव्हा त्याच्या उजव्या गालाला ऊब लागली.

शेकोटीची लागते तशी नाही. माणूस अगदी जवळ येऊन उभं राहिलं की लागते तशी. आणि उजव्या डोळ्याच्या कडेला, गालालगत, अंधाराहून जरा दाट असं काहीतरी पुढं सरकलं. लांबट. टोकाशी निमुळतं. महेंद्रनं डोळा तिकडं वळवला नाही. पाखरू शेजारी येऊन बसलं की आपण जसा श्वास धरून राहतो, तसा तो राहिला. नजर तेवढी त्या टोकावरून पुढं गेली.

टोकापाशी चांदण्यांचा एक लहानसा पुंजका होता. मुठीत धरलेले दाणे असावेत तसा.

"कृत्तिका," तो म्हणाला.

नाव तोंडात आपसूक आलं. गालाजवळची ऊब आणखी थोडा वेळ राहिली, मग गेली. लाइट आली. त्यानं चहूकडं पाहिलं. गच्चीवर टाकी होती, वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या आणि आता गंजलेल्या सळया होत्या, वाळत घातलेला त्याचाच एक शर्ट होता. शर्टाची बाही वाऱ्यानं हलत होती.

बाहीच असणार, असं त्यानं मनाशी ठरवलं. त्याच्या घरात असलं काही मानत नसत. वस्तीवरची एखादी बाई दाराला लिंबू-मिरची बांधायला घेऊन आली, तर सुरेखा त्याच लिंबाचं सरबत करून तिला पाजायची. महेंद्रनं शर्ट काढला, दोरी सोडवली, गुंडाळून खाली नेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर वाळत काहीच नव्हतं. आणि ऊब आली.

४

कृत्तिकांनंतर रोहिणी झाली. लालसर, एकटी, डोळ्यात भरणारी. मग मृग. मृगाला कितीतरी संध्याकाळी लागल्या, कारण तो मोठा. चार कोपऱ्यांचे चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण. त्या बाणाच्या रेषेत खाली व्याध, इतका झगमगीत की त्याला बोटाची गरजच पडू नये. तरी बोट आलं. शिकवणीत एक शब्द नसायचा. पण तारा सापडून महेंद्रची मान सरळ झाली की हात मागं जायचा, म्हणजे झालं, आजचं एवढंच.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. तो संध्याकाळी दाढी करायला लागला. इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीवर जायला लागला. दिवसभर रेडिओबरोबर गुणगुणायचा. जिभेची चव परत आली, तशी भाकरीबरोबर ठेचाही करून खायला लागला. जन्मभर रात्रपाळ्यांनी जे खाल्लं होतं, ते कुणीतरी थोडं थोडं करून परत देतंय, असं त्याला वाटायचं.

एका रविवारी नीलम आली. जेवणं झाल्यावर बापलेक गच्चीवर गेले. महेंद्रनं तिला कृत्तिका दाखवल्या, रोहिणी दाखवली, मृगाचे पाय दाखवले. कुठं अडखळला नाही.

"पप्पा, मला वाटलं तुम्ही ते ॲप उघडून पण बघितलं नसेल."

"ॲप न्हाई जमत मला."

"मग कुणी शिकवलं?"

"तुझ्या आईनं," तो म्हणाला.

नीलमनं त्याच्या दंडावर डोकं टेकवलं. तिला वाटलं बाप आठवणीबद्दल बोलतोय. महेंद्रनंही तिला तसंच वाटू दिलं. ती गच्चीवर असेपर्यंत हात आला नाही. ती खाली गेल्यावर आला.

५

टाकीचा कॉक गळायला लागला म्हणून एकदा महेंद्र भर दुपारी वर गेला. पान्हा घेऊन काम उरकलं आणि सहज आपल्या रोजच्या जागी उभा राहिला. टाचा टाकीच्या ओट्याला लागल्या, पाठ टाकीला लागली.

मागून येणारा रोजचा हात त्याला आठवला.

त्याच्या आणि टाकीच्या मध्ये जागाच नव्हती. तळहात सुद्धा शिरला नसता. त्यानं वळून पाहिलं. टाकीवर धुळीचा थर होता आणि रोज टेकून टेकून त्यात एका पाठीपुरती जागा पुसली गेली होती. एकाच पाठीची.

आणखी एक गोष्ट त्याच्या तेव्हाच ध्यानात आली. सुरेखा लहानखुरी होती. तिचं डोकं कसंबसं त्याच्या खांद्याला लागायचं. तिनं मागं उभं राहून हात काढला असता, तर तो त्याच्या काखेजवळून खालून वर आला असता. रोजचा हात वरून यायचा. कानाच्या वरच्या बाजूनं, उतरत.

तो खाली आला, चहा ठेवला आणि उतू गेलेला चहा बघत राहिला. टाकीला टेकतो हे खरं. पण त्या वेळी जरा पुढं सरकत असेन. अंधारात हात वरून आला की खालून, काय कळतं? एकटं माणूस, मनाला येईल ते दिसतं. दौंडला एक गार्ड होता, त्याला गार्डाच्या डब्यात मेलेल्या भावाचं खोकणं ऐकू यायचं. आपलंही तसंच.

संध्याकाळ झाली तशी ही सगळी कारणं पातळ व्हायला लागली. त्यानं दाढी केली. हात कुणाचा का असेना, शिकवणी तिची होती. अर्धी टाकून कशी द्यायची?

तो वर गेला. टाकीला पाठ टेकवली, मुद्दाम, घट्ट. ऊब आली.

६

व्याधानंतर बोट एकदम खाली गेलं. पार दक्षिणेला, उसाच्या शेंड्यांच्या जरा वर, एक तारा शांत तेवत होता. अगस्त्य. सुरेखा म्हणायची, हा थोडे दिवस येतो आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना निघून जातो. महेंद्रला तो फार आवडला. गाडी वळणावर गेल्यावर लांब राहिलेला स्टेशनचा दिवा असा दिसायचा.

दुसऱ्या संध्याकाळी बोट अगस्त्यावर आलं, थांबलं आणि त्याच्या खाली गेलं.

खाली तारा नव्हता. काळा ऊस होता नुसता. महेंद्र टोकावरून पुढं बघत राहिला. पात्यांची सळसळ ऐकू येत होती. बोट हललं नाही. त्याची मान सरळ झाली नाही आणि हातही मागं गेला नाही. शेवटी मान अवघडून तोच बाजूला झाला.

तिसऱ्या संध्याकाळी तेच. चौथ्या संध्याकाळी तेच. उसात, नेमकं त्याच जागी.

मग टोळी आली. बीडकडची माणसं, त्यांनी ओढ्याकाठी राहायला कोप्या घातल्या आणि उजाडताच कोयते चालू केले. महेंद्र दिवसभर कुंपणाशी बसून राहायला लागला. उसाची भिंत रोज मागं सरकायची. मोळ्यांच्या गाड्या कर्कश गाणी लावत कारखान्याला जायच्या. रोज तो अंदाज घ्यायचा: बोट दाखवतं ती जागा अजून पुढं आहे. अजून पुढं आहे.

"ऊस तुमचा हाय का माझा?" आनंदराव म्हणाले. "माज्यापेक्षा तुमीच जास्त ध्यान ठिवताय."

"आनंदराव, तिकडं त्या शेवटाला काय हाय?"

"कुठं? तिथं व्हय? काय न्हाई. बांध हाय आमचा. आन् बांधापल्याड पुन्हा रानच की."

अखेरची मोळी गेली. रानात उरलेलं वाळकं पाचट पेटवलं. ते दिवसभर जळून संध्याकाळपर्यंत विझलं आणि रान लांबवर मोकळं झालं, काळं, सपाट.

७

त्या संध्याकाळी महेंद्र अंधार पडायच्या आधीच वर गेला. उजेडात त्यानं बांध नीट पाहून घेतला. बांधावर झाड नव्हतं, दगड नव्हता, बुजगावणं नव्हतं. जळक्या पाचटाचा वास येत होता. अंधार झाला. अगस्त्य उजळला. गालाला ऊब लागली आणि बोट खाली उतरलं.

या खेपेला त्याला सापडलं.

बांधापाशी कुणीतरी उभं होतं. तोंड इकडं करून. लहानखुरं. मान जराशी डावीकडं कललेली, ऐकताना सुरेखाची कलायची तशी. चेहरा दिसण्याइतका उजेड नव्हता. पण त्या आकृतीच्या गालालगत एक लांब हात होता, मागून आलेला, खांद्याच्या बराच वरून उतरलेला. त्या हाताचं बोट महेंद्रकडं रोखलेलं होतं.

महेंद्रला अगस्त्य दाखवला, तसा तिकडं कुणाला तरी महेंद्र दाखवला जात होता.

हाक मारायची तर काय म्हणून? सुरेखा म्हणावं तर ती सुरेखा नसली म्हणजे? आणि असली म्हणजे? तो बघत असताना तिकडची कललेली मान सरळ झाली. तारा सापडल्यावर पोरांची होते, तशी.

जिना तो कसा उतरला ते त्याला नंतर आठवलं नाही. गुडघा फुटला होता. घराचे सगळे दिवे लावून, दाराला कडी घालून तो भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली बसून राहिला. भीतीपेक्षा वाईट एक गोष्ट होती. इतका वेळ गालाला लागणारी ती ऊब जर तिची नव्हती आणि ती तिकडं लांब राखेत उभी होती, तर मग आपण कुणाच्या जवळ उभं राहून सुखावत होतो?

सकाळी तो बांधापर्यंत चालत गेला. राखेत त्याच्याच पावलांचे ठसे उमटले, दुसरे नव्हते. त्यानं वळून पाहिलं. सपाट रान, रानाच्या कडेला घर, घरावर काळी टाकी. चहूकडं दुसरी उंच वस्तू नव्हती. इथून ते ठिकाण ओळखायला काहीच अवघड नव्हतं.

त्यानं तिथूनच नीलमला फोन लावला. "बाळा, मला थोडे दिवस घेऊन जा तिकडं."

८

शिक्रापूरला नीलमची खोली तिसऱ्या मजल्यावर, हमरस्त्याला लागून. खाली दिवसरात्र ट्रक. समोर गोडाऊनचे पांढरे दिवे असे की खोलीत दिवा नाही लावला तरी चालावं. गॅलरीतून वर बघितलं तर करड्या धुराच्या वर फार तर चंद्र दिसायचा.

महेंद्रला आधी बरं वाटलं. तो भाजी आणायचा, कुकर लावायचा, नीलमचे डबे भरायचा. बंगाल-बिहारकडची पोरं शेजारच्या खोल्यांत राहायची, त्यांच्याशी मोडक्या हिंदीत गप्पा मारायचा. झोप लागायची. मी एकटा पडलो होतो, तो स्वतःला सांगायचा. डोकं फिरलं होतं.

पण संध्याकाळी जेवण झालं की त्याचे पाय गॅलरीकडं वळायचे. तिथं भिंतीला पाठ टेकवून तो उभा राहायचा, उजवा गाल जरा पुढं करून. ट्रकचे दिवे अंगावरून जायचे. गालाला वारा लागायचा, डिझेलचा. दुसरं काही लागायचं नाही.

मग त्याची झोप उडाली. बांधावरची ती लहानखुरी आकृती त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. तिला आपण सापडलो होतो. एवढ्या लांबून तिनं आपल्याला ओळखलं होतं आणि आपण जिना उतरून पळालो. आता ती रोज मान वर करून बघत असेल आणि त्या जागी काहीच नसेल.

"पप्पा, तुम्हाला इथं करमत नाही का?" नीलमनं विचारलं.

"करमतंय की."

"खोटं बोलू नका. जेवण पण नीट करत नाही तुम्ही."

"सोडशील का मला घरी?"

"एकटे राहणार? परत घाबरला म्हणजे?"

"घाबरलो होतो," तो म्हणाला. "पण तिथं बरं वाटत होतं गं."

मे महिन्यात नीलमनं सुट्टी टाकली. न्हावऱ्यावरून ती दोघं दुपारी घरी पोचली. दारं उघडली, धूळ झाडली, टाकी भरली. रानात तोडलेल्या उसाचा खोडवा गुडघ्याएवढा झाला होता, हिरवागार. कुठं काही वावगं दिसत नव्हतं. आत उकडत होतं, म्हणून संध्याकाळी नीलमनं अंगणात बाज टाकली आणि दिवसभर दमलेली ती पडल्या पडल्या झोपी गेली.

९

महेंद्र गच्चीवर गेला. टाकीला पाठ टेकवली, गाल पुढं केला.

आभाळ बदललं होतं. मृग मावळलेला. अगस्त्य गेलेला. त्यानं बांधाकडं पाहिलं. बांध नुसता बांध होता. त्यानं वाट पाहिली. ऊब आली नाही. खाली नीलमचा संथ श्वास ऐकू येत होता, एखादा रातकिडा ओरडत होता, बाकी काही नाही. संपलं, असं त्याला वाटलं, आणि आपण शिक्रापूरला का पळून गेलो म्हणून त्याला रडू आलं.

रडू ओसरल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. डोक्यावरचं आभाळ त्याला वाचता येत होतं. उत्तरेला सप्तर्षी, आनंदरावांचं खाटलं. खाटल्याच्या दांड्यावरून वाकत गेलं की स्वाती. आणखी पुढं चित्रा, पांढरीशुभ्र. चित्रेच्या शेजारी हस्त, पंजा उघडल्यासारखे पाच तारे. यातलं त्याला कुणी दाखवलं नव्हतं. सुरेखाच्या तोंडून नुसती नावं ऐकलेली. ती एकेक करून आपापल्या जागी जाऊन बसली. आनंदाच्या भरात त्यानं उजवा हात उचलला आणि चित्रेकडं बोट केलं.

दंडाला आतल्या बाजूनं एक गाल लागला.

थंड नव्हता. जिवंत माणसाचा असतो तसाच होता. त्याच्या पुढ्यात, हाताच्या आतल्या अंगाला, कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं आणि त्याच्या बोटाच्या टोकावरून पुढं बघत होतं. डोकं त्याच्या खांद्याला लागत होतं. त्यानं खाली पाहिलं नाही.

"चित्रा," तो कसाबसा म्हणाला.

गाल हलला. आतल्या आत ओठ हलावेत तसा. शिकणारं पोर नवं नाव आवाज न करता पुटपुटून बघतं, तसा.

"स्वाती," तो म्हणाला, आणि हात तिकडं नेला. गाल बरोबर आला. ओठ हलले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तो दाखवत राहिला आणि ते शिकत राहिलं. त्याची छाती भरून आली होती. असं कुणी त्याच्याजवळ किती दिवसांत उभं राहिलं नव्हतं. बोलायला त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं म्हणून तो ताऱ्यांची नावंच बोलत राहिला.

पण हात म्हातारा होता. तो भरून आला. हस्ताच्या पंजावर धरलेलं बोट नकळत खाली घसरलं, खोडव्याच्या शेंड्यांवर आलं, कुंपणाच्या तारेवर आलं, अंगणात उतरलं. महेंद्रला भान आलं तेव्हा बोट बाजेवर होतं. बाजेवर नीलम झोपली होती, तोंडावर चांदणं घेऊन.

दंडाजवळचे ओठ हलायचे थांबले होते. गाल दंडाला घट्ट दाबला गेला. ते नीट बघत होतं.

मान सरळ व्हायच्या आत त्यानं हात वर फेकला. "हे बघ, वर बघ, सप्तर्षी बघ," त्याचा आवाज चिरकला. उजवा हात पुन्हा खाली यायला लागला तसा त्यानं डाव्या हातानं कोपर धरून तो वर उचलून धरला. पहिला ऋषी, दुसरा, तिसरा. सातही झाले. पुन्हा स्वाती. पुन्हा चित्रा. खांद्यात आग पडली होती. त्यानं हात खाली येऊ दिला नाही.

१०

नीलमला जाग आली तेव्हा फटफटलं होतं. बाप गच्चीवर टाकीला टेकून उभा होता आणि डाव्या हातानं उजवा हात वर धरून होता. ती धावत वर गेली. हात खाली घेताना तो ओरडला.

"पप्पा, काय झालं? किती वेळ उभे आहात?"

"तू आजच जा," महेंद्र म्हणाला. "चहा घे आन् निघ."

"अहो, मी चार दिवसांची सुट्टी टाकलीय!"

"आजच जा, बाळा. पुढं पण येशील तवा दिवसाची ये. उजेड हाय तवर निघायचं. इथं रात्र काढायची न्हाई."

"मी काय केलं?" तिचे डोळे भरले.

"तू काय न्हाई केलं." तिच्या तोंडावरून हात फिरवायला त्यानं उजवा हात उचलला, तो उचललाच गेला नाही. त्यानं डावा हात फिरवला. आपल्याबरोबर चला म्हणून तिनं परोपरीनं विनवलं. तो नाही म्हणत राहिला. शेवटी त्याला दौंडच्या डॉक्टरला दाखवून, औषधं घेऊन देऊन आणि घरी सोडून ती रागानं आणि रडत, ऊन उतरायच्या आत गेली. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो रस्त्यावर उभा होता.

उजवा खांदा आता कामातून गेलाय. तो डाव्या हातानं दाखवतो. एका संध्याकाळी एकच तारा. आभाळ पुरवून पुरवून वापरायचं, असं त्यानं ठरवलंय. हात खाली घ्यायच्या आधी मूठ मिटून घेतो. खाली बघितलं तर कोण ते एका क्षणात कळेल. म्हणून बघत नाही.

परवा वृश्चिक पुरता वर आला होता. त्यातली लाल ज्येष्ठा दाखवायला त्यानं बोट धरलं आणि नैर्ऋत्येकडून ढग आला. ज्येष्ठा झाकली, बघता बघता अर्धं आभाळ झाकलं. अजून थोड्या दिवसांनी ते सगळंच झाकणार होतं आणि वर दाखवायला काही उरणार नव्हतं. तेव्हा बोट कुठं न्यायचं, ते त्याला सुचलेलं नव्हतं. तो हात तसाच वर धरून राहिला. दंडाला लागलेला गाल थांबला होता, वाट बघत होता. महेंद्रला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते एवढंच, की ढगानं घाई करू नये.